‘पाचपर्यंत येते’ हे इंग्रजीत कसं सांगायचं? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतले फरक

परळची_शिकवणी

नमस्कार मंडळी. परळला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली, टॉवरच्या गेटवरचे दोन वॉचमन, एक आया, घरी शिवणकाम करणाऱ्या दोघीजणी असा वर्ग आहे. सगळे मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी शब्द त्यांना भरपूर येतात, मुंबईत राहून ते कानावर पडतातच. अडतं ते एकाच जागी. दोन शब्द सारखेच वाटतात, मग यातला कुठला वापरायचा?

गेल्या महिन्यात वर्गातली एक मुलगी आली ती रडवेली होऊन. दादरला एका दुकानात ती सेल्सचं काम करते. त्या दिवशी सकाळी तिला माल घेऊन ठाण्याच्या गोडाऊनला पाठवलं होतं. मॅनेजरने मेसेज करून विचारलं, दुकानात कधी पोचशील? तिला सांगायचं होतं, ‘पाचपर्यंत येते.’ तिने लिहिलं, ‘आय विल बी देअर टिल फाइव्ह.’ मॅनेजरने वाचलं की ही पाच वाजेपर्यंत काउंटरवर आहे. त्याने तीन वाजता दुसऱ्या मुलीला घरी सोडलं. जवळजवळ दोन तास काउंटरवर कोणीच नव्हतं, आणि हिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. फोन माझ्यासमोर धरून ती विचारत होती, ‘टीचर, पर्यंत म्हणजे टिल ना? मग माझं चुकलं कुठे?’

पर्यंत म्हणजे टिल, हे तिला शाळेत असंच शिकवलं होतं आणि ते खोटंही नाही. पण आपला ‘पर्यंत’ दोन कामं करतो. ‘पाचपर्यंत थांबते’ म्हणजे तोवरचा सगळा वेळ मी इथेच. ‘पाचपर्यंत येते’ म्हणजे त्याआधी कधीतरी एकदा येणार. इंग्रजीत पहिल्यासाठी टिल किंवा अन्टिल, दुसऱ्यासाठी बाय. मी हे सांगितलं तरी तिचा चेहरा तसाच. मग मी विचारलं, ‘मॅनेजर मराठी असता आणि त्याला नक्की कळावं असं तुला वाटलं असतं, तर काय म्हणाली असतीस?’ ती म्हणाली, ‘पाचच्या आत येते.’ आणि तिचं तिलाच उमगलं. जिथे ‘च्या आत’ बसतं तिथे बाय. ‘पाचच्या आत थांबते’ असं कोणी म्हणतच नाही.

त्या दिवसापासून मी शिकवायची रीत बदलली. इंग्रजीतल्या दोन शब्दांतला फरक इंग्रजीत समजावत बसायचं नाही. तोच फरक मराठीत कुठे लपलाय ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा तो असतो, फक्त आपण वेगळा शब्द न वापरता प्रत्यय बदलतो किंवा सोबतचं क्रियापद बदलतो. हिअर आणि लिसन यांची व्याख्या पाठ करून काही होत नाही. ‘ऐकू येणं’ आणि ‘ऐकणं’ म्हटलं की वॉचमनकाकांनाही झटक्यात कळतं. सी आणि लुक म्हणजे ‘दिसणं’ आणि ‘बघणं’. लेंड आणि बॉरो म्हणजे ‘उसनं देणं’ आणि ‘उसनं घेणं’.

काही ठिकाणी मात्र मराठीत एकच शब्द आहे आणि तिथे खरोखर अडचण होते. सावली घ्या. झाडाची सावली म्हणजे शेड, तिच्यात बसता येतं. माझी सावली म्हणजे शॅडो, ती माझ्या आकाराची असते. ऐतिहासिक कादंबरी हिस्टॉरिकल, म्हणजे इतिहासातल्या विषयावरची. ऐतिहासिक निकाल हिस्टॉरिक, म्हणजे इतिहासात राहील असा.

मला वर्गासाठी एक वही करायची आहे. व्याकरणाच्या पुस्तकातल्या याद्या माझ्याकडे आहेत. मला हवे आहेत ते तुमच्या कामात, घरात, प्रवासात खरोखर घोटाळा झालेले शब्द. आणि जमलं तर त्यांची मराठी किल्ली.

डोंबिवली_फास्ट

ताई, ‘लवकर’ लिहून घ्या. ‘आज लवकर आलो’ म्हणजे ठरलेल्या वेळेआधी, अर्ली. ‘लवकर ये’ म्हणजे थोड्याच वेळात, सून. ‘लवकर लवकर जेव’ म्हणजे भराभर, क्विकली. मी ऑफिसात नवीन असताना साहेबांना ‘आय विल कम अर्ली’ म्हणून बाहेर पडलो होतो. म्हणायचं होतं की लगेच परत येतो. साहेबांना वाटलं उद्या सकाळी लवकर येणार आहे, आजचा गेला.

अजून एक, रोजचंच. ‘दहा मिनिटांत येतो’ याला आपण ‘इन टेन मिनिट्स’ म्हणतो. पण इंग्रजीत त्याचा अर्थ साधारण दहा मिनिटांनी. दहाच्या आत म्हणायचं असेल तर विदिन. आपल्याकडे ‘मिनिटांत’ आणि ‘मिनिटांनी’ असा एका प्रत्ययाचा फरक आहेच, तुमच्या म्हणण्याप्रमाणे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, बावीस वर्षं वॉर्डात काढली. या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं, कारण आमच्याकडे या फरकांनी माणसं रात्र रात्र जागी राहतात.

आधी साधे अवयवांचे शब्द. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत. इंग्रजीत मनगटाच्या वर आर्म, मनगटापासून पुढे हँड. ‘पाय’ तसाच, घोट्याच्या वर लेग, खाली फूट. ‘बोट’ हाताचंही आणि पायाचंही. इंग्रजीत हाताचं फिंगर, पायाचं टो. आमच्या एका रुग्णाच्या मुलाने विम्याच्या फॉर्मवर ‘हँड फ्रॅक्चर’ लिहिलं. एक्सरे कोपराखालच्या हाडाचा. कागद जुळत नाहीत म्हणून क्लेम परत आला, दीड महिना त्याने खेटे घातले. चूक त्याची म्हणावी तर ‘हात मोडला’ यात त्याने काय खोटं लिहिलं होतं?

उलटही आहे, आणि तिथे आपली मराठी जास्त बारीक बघते. इंग्रजीतल्या बॅकमध्ये आपली पाठही येते आणि कंबरही. घसा, गळा, मान असे तीन शब्द आपण वापरतो. आत दुखतं तो घसा, म्हणजे थ्रोट. मान म्हणजे नेक. आणि जिथे मंगळसूत्र येतं तो गळा, त्यालाही इंग्रजीत नेकच म्हणतात. म्हणून नव्या मुलींना मी सांगते, घसा दुखत असेल तर नेक पेन लिहू नका, डॉक्टर मणक्याकडे बघायला लागतील. दुखण्याचं तर विचारूच नका. ठणका, कळ, मुरडा, चमक, जळजळ, रग. पेशंट ‘कळ येते’ म्हणाला की ते शूटिंग पेन, थांबून थांबून धावत येणारं. ‘ठणकतंय’ म्हणाला की थ्रॉबिंग, नाडीबरोबर ठोके देणारं. दोन्हीला नुसतं पेन लिहिलं तर डॉक्टरांना निम्मी माहिती पोचतच नाही. आणि इंग्रजीतला ‘एक’ (ache) हा शब्द म्हणजे सतत राहणारं, मंद दुखणं, जसं हेडेक किंवा टूथेक.

आता मुख्य गोष्ट. आयसीयूच्या दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक. डॉक्टर सांगून जातात, ‘शी इज स्टेबल.’ ती माणसं हात जोडतात, गावाला फोन लावतात की धोका टळला. स्टेबल म्हणजे एवढंच की नाडी, बीपी, श्वास यांचे आकडे आत्ता फारसे वरखाली होत नाहीयेत. रुग्ण क्रिटिकलही असतो आणि स्टेबलही, दोन्ही एकाच वेळी. एका काकांना मी पाहिलंय. रात्री दहाला ‘स्टेबल’ ऐकून ते घरी अंघोळीला गेले आणि पहाटे चारला आमचा फोन गेला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘पण स्टेबल होती ना?’ तेव्हापासून डॉक्टर गेले की मी स्वतः दाराशी थांबते आणि मराठीत सांगते, ‘आहे तशीच आहे, बिघडलेली नाही. पण धोका अजून आहे.’

ॲक्यूटचंही तेच. लोकांना वाटतं ॲक्यूट म्हणजे फार वाढलेलं, शेवटच्या टप्प्यातलं. खरं म्हणजे अचानक आणि अलीकडे सुरू झालेलं. त्याच्या विरुद्ध क्रॉनिक, म्हणजे जुनाट. क्रॉनिक सौम्यही असू शकतं आणि भयंकरही. या गैरसमजाला मराठी भाषांतरही जबाबदार आहे, बऱ्याच ठिकाणी ॲक्यूटला ‘तीव्र’ लिहितात.

आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘अनरिमार्केबल’ दिसलं तर घाबरू नका. उल्लेख करावा असं काही सापडलं नाही, म्हणजे तो अवयव ठीक आहे. हा एक शब्द वाचून रडणारी बाई मी पाहिली आहे.

परळची_शिकवणी

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या वर्गातल्या आयाबाईंना उद्या फोन करून वाचून दाखवणार आहे. ‘आहे तशीच आहे, पण धोका अजून आहे’ हे वाक्य वहीत पहिल्या पानावर जाईल.

पाचवा_मजला

मी गेली अठरा वर्षं भाडेकरार टाइप करतो. आमच्याकडे घोटाळ्याचा शब्द म्हणजे ‘भाडं’.

आपण म्हणतो घर भाड्याने दिलं. कागदावर असतं ‘लीव्ह अँड लायसन्स’. लोकांना वाटतं लीज काय आणि लायसन्स काय, भाडं तर भाडंच. तसं नाही. लीजमध्ये जागेत राहणाऱ्याचा त्या जागेत हक्क तयार होतो. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये आहे. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, ती त्याच साली झालेल्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये. ताईंच्या पद्धतीने किल्ली सांगायची तर लीज म्हणजे ‘हक्क’, लायसन्स म्हणजे ‘मुभा’. चाळीतला पागडीचा जुना भाडेकरू आणि अकरा महिन्यांच्या करारावर आलेली आयटीतली मुलं दोघंही ‘भाड्याने’ राहतात, पण कायद्याच्या नजरेत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर मुभेवर राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी.

वर लिहिलेलं नाव बघून मात्र निश्चिंत होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलंय की कागदावरच्या शब्दापेक्षा दोन्ही बाजूंचा खरा हेतू काय होता ते बघायचं. म्हणजे शब्दातला फरक महत्त्वाचा, पण शब्दामागे तशी वस्तुस्थितीही लागते.

स्पेलिंगचंही सांगतो, कारण आमच्याकडे रोज चुकतं. ब्रिटिश पद्धतीने लायसन्समध्ये शेवटी सी असेल तर नाव, एस असेल तर क्रियापद. प्रॅक्टिसचं तसंच. उच्चार सारखाच, म्हणून लक्षात राहत नाही. माझी खूण ॲडव्हाइसवरून. तिथे उच्चारात फरक ऐकू येतो: सल्ला म्हणजे ॲडव्हाइस, सी, सल्ला देणं म्हणजे ॲडव्हाइझ, एस. ते एक आठवलं की बाकीचे आपोआप बसतात.

मुलुंडचा_मी

विषय चांगला आहे, पण मला हा काटेकोरपणा पटत नाही. समोरच्याला कळलं म्हणजे झालं. इंग्रजी आता आपलीही भाषा आहे. ‘प्रीपोन’ला आधी नावं ठेवायचे, आता ऑक्सफर्डच्या कोशात भारतीय इंग्रजी म्हणून आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘कझिन ब्रदर’ हे लंडनच्या माणसाला विचित्र वाटलं तर वाटू दे. दुकानात काम करणाऱ्या मुलीवर आपण आणखी एक ओझं टाकतोय असं नाही वाटत?

परळची_शिकवणी

मुलुंडचे दादा, तुमचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे, एका जागेपर्यंत. प्रीपोन मी वर्गात चूक म्हणत नाही. शब्द नीट बनलेला आहे, पोस्टपोनच्या उलट, आणि अर्थ स्वच्छ पोचतो. पण त्या मुलीचं वाक्य मॅनेजरला ‘विचित्र’ वाटलं नव्हतं. त्याला ते पूर्ण कळलं होतं, फक्त वेगळंच कळलं. असं होतं तेव्हा पगार तिचा कापला जातो. म्हणून मला हे ओझं वाटत नाही.

चष्मा

मी भाषांतर करते आणि मुद्रितं तपासते. ताईंनी सांगितलं तीच कसोटी मीही लावते. वाचणारा अडखळला तर फार बिघडत नाही, तो विचारेल तरी. न अडखळता चुकीचा अर्थ घेऊन पुढे गेला तर धोका.

‘पास आउट’ बघा. आपण म्हणतो, मी दोन हजार दहाची पास आउट. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही पासिंग आउट परेड असते, ब्रिटिश सैन्यातही असते, तिथे अर्थ बरोबर. पण बाहेर एखाद्याला साध्या बोलण्यात सांगितलं तर त्याला ऐकू येतं की ही बेशुद्ध पडली. ‘डाऊट’ तर त्याहून नाजूक. माझा भाचा परदेशात शिकायला गेला, पहिल्याच तासाला हात वर करून म्हणाला, ‘आय हॅव अ डाऊट.’ प्राध्यापकांना वाटलं, याला आपलं म्हणणं पटलेलं नाही. त्यांनी सगळी सिद्धता पुन्हा सुरू केली. त्याला फक्त एक चिन्ह कळलं नव्हतं. इथे मराठी किल्ली छान आहे: आपण शंका ‘विचारतो’ आणि शंका ‘घेतो’. विचारायची ती क्वेश्चन, घ्यायची ती डाऊट. शब्द एकच, क्रियापद बदललं की नातंच बदललं.

कायद्याच्या मजकुरात शॅल आणि मे माझी झोप उडवतात. शॅल म्हणजे बहुतेक वेळा ‘करीलच’, बंधनकारक. मे म्हणजे ‘करू शकेल’, मुभा. घाईत दोन्हीला ‘करेल’ लिहिलं की नियमाचा कणाच मोडतो. सोसायटीच्या उपविधींचं घरगुती भाषांतर करणाऱ्यांनी एवढं तरी जपावं.

माहुल_गाव

माझा एकच शब्द, पण त्याने जीव जाऊ शकतो. माहुलच्या बाजूला टँकर भरतात तिथे मी सुपरवायझर आहे. टँकरच्या मागे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, ‘हायली इन्फ्लेमेबल’. नवीन हेल्पर आला होता, बारावी झालेला, हुशार. त्याने मला विचारलं, ‘साहेब, इन म्हणजे नाही ना? इनकरेक्ट, इनव्हिजिबल. मग हे न पेटणारं ना?’ मी हातातलं काम टाकून त्याला समोर बसवलं.

इथला ‘इन’ नकाराचा नाही. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, त्यावरून इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. फ्लेमेबलचा अर्थही तोच. दोन्ही शब्द एकच! या गोंधळापायी कोणी भाजू नये म्हणून अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून फ्लेमेबल हाच शब्द वापरा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. आपल्याकडच्या टँकरवर जुना शब्द अजून दिसतो, म्हणून मी तर म्हणतो की त्याखाली ‘ज्वालाग्राही’ एवढं मराठीत ठळक असायलाच हवं.

त्या पोराला ‘अमूल्य’वरून समजावलं. ‘अ’ आहे म्हणून अमूल्य म्हणजे बिनकिमतीचं होत नाही, किंमतच करता येणार नाही असं होतं. इंग्रजीत इनव्हॅल्यूएबलचं तसंच आहे. शब्दाचा पुढचा तुकडा बघून अर्थ ठरवायचा नाही, हे त्याने लगेच धरलं.

डोंबिवली_फास्ट

माहुल, अंगावर काटा आला.

ताई, गाडीत बसून आणखी एक सुचलं. गाडी उशिरा असली की तीन भाषांत घोषणा होते. इंग्रजीत रिग्रेट, मराठीत दिलगीर, हिंदीत खेद. तिन्हीत माफी कुठेच नाही. रिग्रेट म्हणजे झालं त्याचं वाईट वाटतं. अपोलोजाइझ म्हणजे चूक माझी, मला माफ करा. मराठीत ही जोडी तयारच आहे, दिलगिरी ‘व्यक्त’ करतात आणि माफी ‘मागतात’. मागितली की ती देणारा कोणीतरी समोर असावा लागतो. ऑफिसात ईमेल लिहिताना हे मी आता सांभाळतो. चूक माझी असेल तर रिग्रेट लिहून सुटका करून घेत नाही.

नायगाव_क्वार्टर्स

पोलीस ठाण्यात बारनिशीचं, म्हणजे आवक-जावक कागदांच्या नोंदीचं, काम केलंय म्हणून लिहितो. स्टील आणि रॉब. पाकीट चोरतात, माणसाला लुटतात. इंग्रजीतही वस्तू स्टील होते, माणूस रॉब होतो. ‘माय मोबाइल वॉज रॉब्ड’ चूक, ‘आय वॉज रॉब्ड’ बरोबर. मराठीत ‘मोबाइल लुटला’ म्हणताना कानाला खटकतंच, तिथेच थांबायचं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे, हिसकावून नेणं कलम ३०४ मध्ये वेगळा गुन्हा केलाय, आणि जबरी चोरी म्हणजे रॉबरी कलम ३०९. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतात तेव्हा दरोडा. आणि लोकलमध्ये मोबाइल गेला तर इंग्रजी अर्जात लॉस्ट लिहिताना दहादा विचार करा. लॉस्ट म्हणजे हरवला, स्टोलन म्हणजे चोरीला गेला. तुमच्या हाताने लिहिलेला शब्द पुढे सगळीकडे तुमच्या सोबत जातो.

शिवडी_नाका

सँक्शन! होम लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, पैसे हातात आले नाहीत. ते डिस्बर्समेंट, म्हणजे वाटप. माझ्या भावाने सँक्शन लेटर मिळाल्यावर बिल्डरला तारीख दिली आणि तोंडघशी पडला. बातम्यांत हाच शब्द एखाद्या देशावर निर्बंध घातले या अर्थाने येतो. मंजुरीही तोच, मनाईही तोच.

पार्ल्याचे_आजोबा

सगळ्यांचं वाचून फार आनंद झाला. एक बाजू राहिली म्हणून लिहितो. माझा नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. परवा म्हणाला, ‘आजोबा, आम्ही बागेत जाऊया.’ मी विचारलं, ‘आम्ही म्हणजे कोण? मी नाही का त्यात?’ तो गोंधळला. इंग्रजी ‘वी’मध्ये ऐकणारा धरलाय की वगळलाय ते कळत नाही. मराठीत ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर. त्याला सांगितलं, मला न्यायचं असेल तर ‘आपण’ म्हण. त्या दिवसापासून तो घरात प्रत्येकाला धरून ‘आपण, आपण’ म्हणत हिंडतोय.

तेव्हा ताई, तुमच्या वहीत एक भाग उलटाही ठेवा. तुमच्या विद्यार्थ्यांना कळू दे की त्यांच्या तोंडात असलेली भाषा कुठे कुठे इंग्रजीहून बारीक विणलेली आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत १८३१ साली छापला गेला, १८५७ मध्ये सुधारून वाढवून पुन्हा आला. तो चाळताना मला नेहमी दिसतं की एकेका मराठी शब्दासाठी त्याला चार-चार इंग्रजी शब्द मांडावे लागलेत.

परळची_शिकवणी

आजोबा, उलटा भाग नक्की ठेवते. आणि सगळ्यांचे मनापासून आभार. आजच्या वर्गात काय झालं ते सांगते.

टिल-बायवाली मुलगी आली होती. रात्रपाळी ताईंचं वाचून झालं, माहुलच्या दादांचं वाचून झालं. मग मी विचारलं, तुमच्या कामातला एखादा शब्द आहे का? मागच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या काकू बसतात. वर्गात फारसं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘हल्ली टॉवरमधल्या बायका फिट, सूट आणि मॅच असं तीन तऱ्हेने बोलतात. मी सगळ्यांना हो म्हणते. परवा एक बाई म्हणाली, इट डझन्ट सूट मी, आणि मी ब्लाउज उसवून सैल केला. तिला तसं नको होतं.’

मी तोंड उघडायच्या आत काउंटरवाल्या दोघी बोलायला लागल्या. एकीने ओढणी काकूंच्या खांद्यावर टाकली. ‘काकू, ब्लाउज अंगाला कसा आहे?’ काकू म्हणाल्या, ‘बसतो.’ ‘आणि हा रंग तुम्हाला?’ ‘शोभत नाही.’ ‘आणि साडीला?’ ‘जुळतो. म्हणून तर त्या दुकानाला मॅचिंग सेंटर म्हणतात!’ त्या एकदम थांबल्या. मग उठून फळ्यापाशी गेल्या, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत एकाखाली एक लिहिलं: बसतो, फिट. शोभतो, सूट. जुळतो, मॅच. गेल्या दोन वर्षांत काकू पहिल्यांदा फळ्यावर आल्या.

जाताना मला विचारलं, ‘मग त्या बाईचा ब्लाउज परत घट्ट करून देऊ का?’ मी म्हटलं, आधी तिला विचारा, रंग बदलून हवाय का. फोन माझ्यासमोरच लावला त्यांनी.